भरलेली जखम

जमनाने पेढ्यांचा पुडा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "दाखव त्यांना."

रामाने लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेतली. उजव्या नडगीवर, जिथे सोळा वर्षं खड्डा होता, तिथे मांस भरून आलं होतं. नुसतं भरलं नव्हतं. आजूबाजूच्या कातडीपेक्षा बोटभर वर उठलं होतं.

"तुमच्या मलमानं झालं नाय ते माझ्या तेलानं झालं," जमना म्हणाली. "पेढा घ्या, रागावू नका."

नागोराव डॉक्टर हसले. बोईसरला दवाखाना टाकून त्यांना बारा वर्षं झाली होती. किनाऱ्यावरच्या नवापूरच्या या बाईचे टोमणे त्यांना नवे नव्हते. पेढा मात्र त्यांनी घेतला नाही. ते खुर्ची ओढून जखमेशी वाकले.

जखम बहात्तर सालची. रामा तेव्हा नुकताच तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख, झाला होता. इंजिनाच्या तापलेल्या नळीला नडगी चिकटली आणि वीतभर कातडं जळालं. त्या जागी आली ती पातळ, चकचकीत कातडी. जाळं ओढताना रामा नडगी होडीच्या काठाला टेकवून जोर लावायचा. त्याच्या बापाची रीत तीच होती. हंगामाचे आठ महिने ती कातडी पुन्हा पुन्हा फाटायची. पावसाळ्यात मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्यावर ओढल्या की जमना करंजाचं तेल आणि हळद घेऊन बसायची. नारळी पौर्णिमेपर्यंत कशीबशी खपली धरायची. खाली खड्डा तसाच. पौर्णिमा झाली, होडी लोटली, की पुन्हा रक्त.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगून पाहिलं होतं, मांडीची कातडी काढून तिथे लावून घ्या. "कातडी म्हंजे काय गोधडी हाय, ठिगळ मारायला?" असं जमनानेच त्यांना उडवून लावलं होतं.

गावात तिच्या हाताला मान होता. शिंगाळा माशाचा काटा रुतो की कोयता लागो, माणसं आधी तिच्या दारात यायची. एकच जखम तिला दाद देत नव्हती, आणि ती तिच्याच घरातली होती. कुणी तोंडावर बोलत नसे. पण तिला ते सलायचं. म्हणून यंदा होड्या वर आल्यावर पंधरा दिवसांतच खड्डा भरला, तेव्हा तिने आळीआळीत पेढे वाटले. भरल्या जखमेला वारा लागू दे म्हणून पट्टी बंद केली. तेलही बंद केलं.

डॉक्टरांनी कापूस हलकेच टेकवला. कापूस लाल झाला. मग त्यांनी रामाला आडवं केलं आणि जांघेत बराच वेळ चाचपून पाहिलं.

"जमनाबाई," ते म्हणाले, "अंग बारीक बारीक पेशींचं असतं. एका जागी फाटलं की शेजारच्या पेशी वाढतात. एकीच्या दोन, दोहोंच्या चार. खड्डा भरतात. कडेला कड भिडली की थांबतात. इथल्या पेशींना सोळा वर्षं दर साल तेच काम पडलं. त्यातल्या काही आता थांबतच नाहीत. ही भरलेली जखम नाही. कॅन्सर असावा. तुकडा तपासला की पक्कं कळेल, पण मुंबईला याच आठवड्यात जायला हवं."

"काय करतील तिथं?" जमनाने विचारलं.

"तेवढा भाग काढतील. कदाचित गुडघ्याखालचा पाय. आज जांघेत गाठ नाही. ती आली, म्हणजे रोग वर पसरला, तर पाय देऊनही माणूस वाचेल असं सांगता येत नाही."

रामा उठून उभा राहिला. त्याने लुंगी खाली सोडली.

"पौर्णिमा नऊ दिवसांवर हाय," तो म्हणाला. "माझी जखम भरलीय."

"रामा, मी काय सांगतोय ते ऐक."

"ऐकलं, डॉक्टर. तुमी शिकलेले. पण आमच्या घरात जखमेचं हिला कळतं." तो बायकोकडे वळला. "जमना, तू सांग. भरलीय का नाय? तू भरलीय म्हटलंस तर भरलीय. आत्ता उठून घरी जाऊ."

जमना लाल कापसाकडे पाहत राहिली. एका शब्दाने नवरा दोन पायांवर चालत घरी येणार होता. गावात तिचा शब्दही राहणार होता. दुसऱ्या शब्दाने त्याचा पाय आणि तिचा शब्द, दोन्ही जाणार होते.

ती खाली बसली. लुंगी वर सारून तिने त्या मांसाच्या कडेवर अंगठा टेकवला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. भरल्या जखमेची कड मऊ पडते, हे तिने गावातल्या सुनांना शंभरदा शिकवलं होतं. ही कड शिंपल्यासारखी टणक होती. बोट लावून पाहायचं तिला आनंदात सुचलंच नव्हतं.

"नाय भरली," ती म्हणाली. "माझीच चूक झाली. आपण मुंबईला जाऊ."

रामा स्टूल जवळ ओढून बसला. त्याचे खांदे हळूहळू सैल पडले.

"चल तर मग," तो म्हणाला. "दोन महिने तू उठायच्या आधी लुंगीवरचं रक्त खाडीत धुऊन येतोय मी. तू एवढी खूश होतीस, तुला कसं सांगू?"