चार उताणी, एक उपडे

वाचकहो, मोंटाना प्रांतातील अ‍ॅनाकोंडा गावी, डेस्मंड हार्किन या न्हाव्याच्या दुकानामागील खोलीत, सन १९५४ मधील एका रविवारी दुपारी पत्त्यांचा जो एक डाव खेळला गेला, त्याची हकीकत मी येथे यथाशक्ति आणि पदरचे काही न घालता निवेदन करीत आहे.

डेस्मंडने शेवटची दोन पाने वाटली. वाटणाऱ्याने प्रत्येक उताणे पान मोठ्याने पुकारावे, अशी रीत आहे. त्याने पुकारले.

"ओर्व्हिलला तिर्री. राजांची जोडी अजून वरचढ. आन्तोनला किलवरचा गुलाम. रडायला एक सोबती आला, एवढंच."

हा खेळ समजण्यास कठीण नाही. प्रत्येकास पाच पाने मिळतात. पहिले उपडे असते. ते ज्याचे त्याने पाहावे. उरलेली चार एकेक करून सर्वांदेखत उताणी पडतात. प्रत्येक उताण्या पानानंतर पैसे लावावेत, अथवा डाव सोडावा. अखेरीस उपडे पान उघडावे. ज्याची पाने भारी, त्याचे पैसे. सारी झुंज असते ती त्या एका झाकल्या पानाची.

परंतु कधी कधी झाकले पान काहीही असो, फरक पडत नाही. हा डाव तशांपैकी होता. आन्तोन पेर्कोविचपुढे चव्वी, छक्की, नव्वी आणि गुलाम पडले होते, चारही निरनिराळ्या रंगांचे. त्याच्या उपड्या पानावर दैवाने कितीही कृपा केली, तरी गुलामांच्या जोडीपलीकडे त्याची मजल जाणार नव्हती. ओर्व्हिलचे दोन राजे तर उघड्यावरच बसले होते. हे लहान मूलही सांगू शकले असते. आन्तोन आणि ओर्व्हिल एकवीस वर्षे दर रविवारी हा खेळ खेळत होते.

आन्तोनच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी ते त्याची पत्नी मिल्का हिलाच सांगितले. रोग्याच्या कानावर घालू नये, असा तेव्हाचा प्रघात होता. आन्तोनला कळले ते इतकेच, की जठरात जखम आहे, दूध पीत जा. त्याआधीच्या सोमवारी मिल्का दुकानात आली. न्हाव्याच्या खुर्चीत, हातमोजे न काढता बसली आणि डेस्मंड व ओर्व्हिल या दोघा मित्रांना खरे ते बोलली.

"त्याला कळलं तर तो त्याच दिवशी हातपाय गाळील. तुमच्या तोंडावर काही दिसता कामा नये."

दोघांनी शपथ घेतली. आज दोघेही ती निष्ठेने पाळत होते.

"दूध पिऊन पिऊन तुला दुधाचे दात आले असतील," ओर्व्हिल म्हणाला आणि राजांच्या बळावर त्याने एक डॉलर लावला.

"आले की. तुला चावायला पुरेत."

असे म्हणून आन्तोनने आपल्या पुढ्यातले चांदीचे सगळे डॉलर दोन्ही हातांनी मध्ये सरकवले.

डेस्मंडने दुसऱ्याच पानावर डाव सोडला होता. तो हसू लागला.

"अरे बाबा, राजे दिसतायत ना तुला? की चष्मा दुधात पडला?"

"दिसतायत," आन्तोन म्हणाला.

डेस्मंडचे हसू थांबले. ओर्व्हिल ट्रेगियर डॉलरांकडे पाहत राहिला. हा मनुष्य कसा, ते सांगणे येथे आवश्यक आहे. त्याने सख्ख्या मेहुण्याचे बूट लग्नाच्या आदल्या दिवशी जिंकले होते आणि परत दिले नव्हते. मेहुणा तांब्याच्या भट्टीवर कामाला घालायचे जोडे घालून चर्चमध्ये उभा राहिला. गावात कोणी ओर्व्हिलला या गोष्टीची लाज वाटताना पाहिले नाही.

मग त्याची दृष्टी आन्तोनच्या मनगटावर गेली. सदऱ्याची बाही तेथे पोकळ झाली होती. हे पैसे घेतले, तर ते परत जिंकायला हा किती रविवार येईल, असा विचार ओर्व्हिलच्या मनात आला. त्याला आत काहीच जाणवले नाही. फक्त बोटे जड झाली. त्या बोटांनी त्याने आपले दोन्ही राजे उचलले आणि पालथे घातले.

"सोडला," तो म्हणाला. "असेल तुझ्याकडे काहीतरी. घे."

आपल्या तोंडावर काही दिसले नाही, याची त्याला खात्री होती. आणि खरोखरच काही दिसले नव्हते.

डेस्मंडने डोळे मिटले.

आन्तोनने पैशांना हात लावला नाही. उपडे पान त्याने एका बोटाने बाजूला सारले.

"हे मी अजून पाहिलेलंसुद्धा नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज कोणी वेळ विचारल्यावर सांगावी, तसा होता. "किती महिने म्हणाला डॉक्टर?"

"कसले महिने? जखम आहे तुला."

"मिल्का तेच म्हणते. डॉक्टर तेच म्हणतो. म्हणून आज तुला विचारलं. तुला खोटं बोलता येतं, ओर्व्हिल. पैसे सोडता येत नाहीत."

येथपर्यंत ज्यांनी सोबत केली, त्या सर्व वाचकांचा मी ऋणी आहे. लेखनातील उणे ते माझ्या शिक्षणाचे समजावे.

पीटर ग्रुबिशिच,
तांब्याच्या भट्टीवरील निवृत्त कामगार, अ‍ॅनाकोंडा