एकदा म्हणजे हो

मुलगा सूप ढवळत म्हणाला, "आई, बाबांना काही ऐकू जात नाहीये ना?"

आणि बाबांना अक्षर न् अक्षर ऐकू आलं. हॉटेलातल्या भर दुपारच्या गर्दीत, ताटल्यांच्या खणखणाटात, नऊ वर्षांत पहिल्यांदा! त्यांना इतका आनंद झाला की वाक्याचा अर्थ डोक्यात शिरायला जरा वेळच लागला.

सकाळी "केस कापून येतो" म्हणून ते घरातून निघाले होते आणि दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढी नवी यंत्रं बसवून परतले होते. बायकोने त्यांच्या डोक्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. "दुकान बंद होतं," त्यांनी ठोकून दिलं. वाढलेले केस कानांवर आले होते, ते बरंच होतं. जेवताना तिच्या एखाद्या बोलण्याला पटकन उत्तर द्यायचं आणि तिचा चेहरा बघायचा, एवढाच त्यांचा बेत होता.

यंत्रं देणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "गोंगाटात पाठ भिंतीला लावून बसा. ज्याचं ऐकायचंय त्याच्याकडे तोंड करा. समोरचं नीट ऐकू येईल, बाजूचं नाही."

समोर मुलगा होता. बायको बाजूला, नेहमीप्रमाणे उजवीकडे, म्हणजे तिचा डावा हात टेबलाखाली त्यांच्या गुडघ्यापर्यंत पोचायचा. छापखान्यातल्या मशिनींनी त्यांचे कान नेले तेव्हापासूनची ही दोघांची सोय. चारचौघांत कोणी काही विचारलं की तिचं बोट गुडघ्यावर. एकदा दाबलं म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. चिमटा म्हणजे हसा. या बोटाच्या भरवशावर त्यांनी पाहुणे सांभाळले, मुलाचं लग्न ठरवलं, एकदा तर न ऐकलेल्या भाषणाची तोंडभरून स्तुतीही केली. कोणाला, अगदी मुलालासुद्धा, या खुणांचा पत्ता नव्हता. लोक म्हणायचे, माणूस मोजकंच बोलतो, पण विचार करून बोलतो.

"मग मोकळं बोलू," मुलगा म्हणाला. "तू चल माझ्याकडे. चार दिवस नाही, कायमची."

बायकोने काहीतरी उत्तर दिलं. ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. पलीकडच्या टेबलावर कोणाचा तरी चमचा पडला, तो मात्र नेमका पोचला. मान वळवली असती तर तिचंही ऐकू आलं असतं. पण मान वळवली असती तर ती गप्प झाली असती. ते पाव मोडत राहिले.

"दोघं कुठे मावणार तिथे? आणि त्यांचा टीव्ही लागला की भिंती हलतात. आमचं पिल्लू दचकून रडतं." मुलाने आवाज खाली आणला, तरी शब्द येतच राहिले. "वृद्धाश्रम म्हटलं की तुझा चेहरा असा होतो. चांगली जागा आहे, मी स्वतः बघून आलोय. डॉक्टर आहेत, बाग आहे."

तिचं उत्तर पुन्हा गोंगाटात गेलं.

"आई, नऊ वर्षं तू त्यांचे कान होऊन जगतेस. तुझं तुला काही आहे की नाही? परवा फोनवर रडलीस ती मग कशासाठी?"

हे बाबांना ठाऊक नव्हतं. फोन बैठकीच्या खोलीत असतो. ती रडत होती तेव्हा ते तिथेच, हातभर अंतरावर पेपर वाचत बसले असणार. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि तिचा रागही आला, दोन्ही एकदम. हातातल्या पावाचा नुसता चुरा झाला होता.

"हे बघ, त्यांना विचारूनच करू. मला मागाहून बोचणी नको," मुलगा म्हणाला. मग तो पुढे वाकला आणि तोंडाचा हा एवढा आ करून ओरडला, "बाबा! एक छान जागा आहे! बाग आहे! जाल ना तिथे राहायला?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. आवाज यंत्रांतून असा घुसला की बाबांनी डोळेच मिटून घेतले.

गुडघ्यावर हात आला. ओळखीचा, उबदार हात. एरवी तिला कधी एवढा वेळ लागत नसे. दोनदा, ते मनात म्हणत होते, दोनदा, दोनदा.

बोट दाबलं गेलं. एकदा.

ते दुसऱ्यांदा दाबलं जाण्याची वाट बघत राहिले. वेटर आला, तिघांच्या ग्लासांत पाणी ओतून गेला. गुडघ्यावर काही हललं नाही.

"बाबा?" मुलगा म्हणाला.

मानेला सवय होती. नऊ वर्षांत तिने या बोटाचा शब्द कधी मोडला नव्हता. ती हलायला निघालीच होती. त्यांनी ती आवरली आणि बायकोकडे वळून, न ओरडता, साध्या घरगुती आवाजात विचारलं, "तू कधी निघतेस?"

मुलाचा चमचा वाटीतच राहिला.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग केसांआडच्या कानाकडे पाहिलं.

"अहो..." ती म्हणाली. ते त्यांना ऐकू आलं, त्यातल्या श्वासासकट.

तिचा हात अजून गुडघ्यावरच होता. बोट पुन्हा दाबलं गेलं, मग पुन्हा, आणि मग तिची सगळीच बोटं अशी थरथरायला लागली, की एकदा की दोनदा, हे त्यांना काही केल्या मोजता येईना.