तापानं मेलेली माणसं

“नुसतं ‘लढाईत’ एवढा एक शब्द बोला, मॅडम. फुडचं आमी बघतो,” महिपतराव तिसऱ्यांदा म्हणाले.

श्रेयानं हातातला अहवाल पुन्हा त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो न वाचताच परत तिच्या हातात दिला.

इंदापूर तालुक्यातल्या त्या नीराकाठच्या गावात, द्वारकाबाईंच्या डाळिंबाच्या बागेला लागून मांडव घातला होता. दोन वर्षांपूर्वी तिथं शेततळं खणताना सात सांगाडे निघाले. सातशे वर्षांपूर्वीचे. पुण्याच्या प्रयोगशाळेतून श्रेया आली, खड्डे मोजले, दात घेऊन गेली आणि आज निकाल घेऊन परत आली होती. तोवर माजी सरपंच महिपतरावांनी मांडवाच्या तोंडाशी फ्लेक्स लावला होता, ‘अज्ञात शूरवीरांच्या स्मारकाचे भूमिपूजन’. त्यावर सांगाड्यांपेक्षा महिपतरावांचा फोटो मोठा होता.

“आबा, एकाही हाडावर वार नाही. तलवारीचा नाही, भाल्याचा नाही. दाताच्या आत रक्त वाळून राहतं, त्यात जंतूंचे अंश टिकतात. सातांपैकी पाच जणांच्या दातांत हिवतापाचे सापडले. मलेरिया. ही माणसं तापानं गेली.”

“तापानं?” महिपतरावांनी आवाज खाली आणला. “तापानं मेलेल्याचं स्मारक कुठं असतंय व्हय? अकरा वाजता पाव्हणे येनार हायेत.”

“त्यात एक पाच वर्षांची मुलगी आहे. ती पण लढाईत गेली?”

महिपतरावांनी रस्त्याकडं बघून घेतलं.

“ल्हानपनी लढली म्हनू.”

श्रेयानं डोळे मिटून घेतले. मे महिन्याच्या उन्हात डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून, आपल्या घामाचा थेंबही हाडावर पडू नये म्हणून ती याच शेतात तेरा दिवस बसली होती. प्रयोगशाळेत तीनदा नमुने वाया गेले. चौथ्यांदा हिवताप सापडला, तेव्हा ती एकटीच खुर्चीत बसून हसली होती. आणि इथं तो कुणालाच नको होता.

तिनं सरळ माइक हातात घेतला. जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. मग मागून एकानं विचारलं, “दातावरनं जात कळती का?”

“नाही.”

“आडनाव?”

“नाही.”

“मंजी आपल्या भावकीतली हायेत का न्हाय, येवढं तरी?”

“नाही!”

हे ‘नाही’ कर्ण्यातून इतक्या जोरात गेलं की बागेतले पोपट उडाले.

“मग दोन वर्सं शोधलं काय?” तो माणूस शेजाऱ्याला म्हणाला, आणि दोघंही चहाकडं निघाले. त्यांच्यामागं आणखी आठ-दहा जण उठले. महिपतरावांनी श्रेयाच्या हातातून हळूच माइक काढून घेतला.

ती मांडवाच्या कडेला येऊन बसली. शेजारच्या खुर्चीत द्वारकाबाई होत्या. शेत त्यांचं. खोदकामापायी त्यांचं शेततळं दोन उन्हाळे अडलं होतं, पण त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नव्हतं.

“बाई, येक इचारू?”

“जात कळत नाही, मावशी.”

“त्ये न्हाय. समदीच जर तापानं पडली हुती, तर त्यास्नी पुरलं कुनी?”

श्रेया वैतागून काहीतरी बोलणार होती. त्याऐवजी तिनं अहवाल उघडला. चौदाव्या पानावर खड्ड्यांच्या खोलीचा तक्ता होता. आकडे तिनंच मोजले होते, तिनंच लिहिले होते.

“ओळीत पहिला खड्डा कमरेएवढा खोल आहे,” ती बोटानं वाचत म्हणाली. “दुसरा जवळजवळ तेवढाच. तिसरा मांडीएवढा. चौथा गुडघ्याएवढा. पाचवा त्याच्या निम्मा.”

“आन् पोरीचा?”

“तो सहावा. वीतभर. खणलाच नाही म्हणा. वर दगड रचलेत.”

“आन् सातवा?”

श्रेयाचं बोट थांबलं.

“तो खड्ड्यात नव्हता. मुलीच्या दगडांशेजारी कुशीवर पडलेला होता. पुरुष, तिशीतला. त्याच्यावर पुराचा गाळ बसला, म्हणून राहिला.”

“त्याला ताप हुता?”

“त्याच्याही दातात सापडला.”

द्वारकाबाईंनी खोदकामाच्या, दोऱ्या बांधलेल्या जागेकडं बघितलं. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजले. महिपतराव हार घेऊन पळाले, चहाकडं गेलेली माणसंही तिकडंच धावली. मांडवात या दोघीच उरल्या.

“आमच्या मालकांस्नी आला हुता हिवताप,” द्वारकाबाई म्हणाल्या. “हिव भरलं की तांब्या धरवत न्हवता हातात. पानी मी पाजायची.”



“ह्यानं दगडं कशी उचलली आसतील, बाई?”

तक्त्यात सातव्या सांगाड्यापुढं श्रेयानं ‘अनियमित दफन’ असं लिहिलं होतं. तिनं पर्समधून पेन काढलं आणि त्या दोन शब्दांवर काट मारली. त्यांच्या जागी काय लिहावं, ते मात्र तिला सुचेना.