चतुर्थीचा साबुदाणा

"आई, आधी हात पुसा," असं म्हणत केतकीनं दवाखान्यातून आणलेला फोटो सासूबाईंसमोर धरला. पाच दिवस प्रयोगशाळेत वाढलेला गर्भ आज सकाळी डॉक्टरांनी तिच्या गर्भाशयात सोडला होता, आणि येताना रिक्षात नवराबायकोनं त्याचा फोटो एकमेकांच्या हातातून हिसकावून हिसकावून पाहिला होता. घरात पाऊल टाकताना मात्र ती उंबऱ्याशी घुटमळली होती. "काचेत झालेलं मूल आपलं कसं म्हणायचं?" हे सासूबाईंचं बोलणं ती विसरली नव्हती.

सासूबाईंनी चष्मा चढवला. फोटो जवळ धरला, लांब धरला. "अगं, हा तर भिजवलेला साबुदाणा!"

"तोच आपला!" केतकीचा नवरा खो खो हसत म्हणाला. "आई, नाक अगदी तुझ्यावर गेलंय बघ."

"रुजेल ना गं?" सासूबाईंनी सुनेला हळूच विचारलं.

"दोन आठवड्यांनी कळेल, आई."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. आज चतुर्थी होती. नातवंडासाठी वर्षानुवर्षं धरलेला उपास, आणि ओट्यावर खिचडीसाठी भिजून टपोरा झालेला साबुदाणा. केतकी दारात उभी राहिली. तुपात जिरं तडतडलं. सासूबाईंनी साबुदाण्याचं पातेलं उचलून कढईवर नेलं आणि हात तिथंच थांबला. त्यांनी आत वाकून बघितलं. जिरं करपायला लागलं तरी बघतच राहिल्या. मग पातेलं खाली ठेवून त्यावर अलगद झाकण ठेवलं.

"आज भगर करते."

"आणि खिचडी?" नवऱ्यानं बाहेरून विचारलं.

"गप रे! नातवंडाला कुणी फोडणीला टाकतं का?"