जात्याचा ठेका

"बाळ स्वतःहून दूध ओढेपर्यंत नाकातली नळी काढता येणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "उराशी घ्या. काहीतरी गा."

सासूबाईंनी जात्यावरची ओवी धरली, दुष्काळात एकटीनं लेकरं वाढवणाऱ्या बाईची. माझ्या उराशी चिमणी हललीसुद्धा नाही.

मग नवऱ्यानं दबक्या आवाजात रॅप सुरू केला, शाळेतून काढलेल्या पोराचा.

"अरे, हे गाणं की भांडण?"

"आई, तुझ्या त्या बाईसारखाच हाही हरत नाही गं."

त्यानं रॅप चालूच ठेवला. थोड्या वेळानं पाहते तर सासूबाईंचा हात मांडीवर गोल फिरत होता, जातं ओढल्यासारखा, नेमका रॅपच्या ठेक्यावर. त्याच ठेक्यात त्यांनी पुन्हा ओवी उचलली.

चिमणीचे ओठ हलले. तिनं ओढलं, थांबली, पुन्हा ओढलं.

सासूबाई आणि नवरा थक्क होऊन गाता गाता थांबले.

"थांबू नका," सिस्टर कुजबुजल्या.