सगळ्यात वरची पट्टी

"हात मोकळे सोड. भिंतीला टेकू नकोस," हेंडरशॉट म्हणाला.

ओरिन मेटोयर नुसत्या चड्डीवर वजनकाट्यावर उभा होता. त्यानं हात सोडले. काट्यावर दोनशे चौतीस पौंड आले.

हेंडरशॉट अमेरिकन फुटबॉलच्या एका मोठ्या व्यावसायिक संघाचा पारखी. पुढच्या महिन्यात सगळे संघ कॉलेजांतले खेळाडू निवडणार होते, आणि लुइझियानातल्या या आडगावच्या कॉलेजात ओरिनला बघायला आलेला तो एकटाच. बाकीच्यांनी उंची ऐकूनच फोन ठेवला होता. समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मोहऱ्यावर, तुटून पडायचं हे ओरिनचं काम, आणि त्या कामाला सव्वासहा फुटी राक्षस लागतात असं सगळे धरून चालतात. ओरिन भिंतीला टाचा लावून जेमतेम पावणेसहा भरला होता. आज हेंडरशॉटनं नाक मुरडलं की त्याचा फुटबॉल संपला. मग बापाच्या होडीवर कोळंबी निवडायची.

"कोच, मोसमात हा पोरगा बराच हलका होता ना?"

"आईच्या हातचं खातोय हो," कोच आर्सनो घाईनं म्हणाला. "तुम्ही पण घ्या ना, गरम सॉसेज आणलंय."

हेंडरशॉटनं सॉसेजकडेही संशयानंच पाहिलं. वजनाच्या दिवशी पोरं काय काय उद्योग करतात ते त्याला पाठ होतं. चड्डीच्या शिवणीत शिसं भरतात, केस फुगवून उंची वाढवतात, तुंबेपर्यंत पाणी पितात. ओरिनचं पोट त्याला जरा जास्तच गोल वाटलं.

"कपडे घाल, बूट घाल. बस इथं माझ्याजवळ. जरा गप्पा मारू."

आणि मग तो खरंच गप्पा मारत बसला. आई कुठली, होडी केवढी, जाळं कोण विणतं, खाडीला पाणी कधी चढतं. ओरिनचा गुडघा हलायला लागला. त्यानं पायावर पाय टाकला, काढला, दुसरा टाकला.

"का रे, कुठं जायचंय का?"

"नाही, सर."

"मग सांग की. पाणी चढतं तेव्हा काय करता?"

कोच छताकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. म्हातारा हेंडरशॉट मनापासून छळत होता, आणि छळताना मोठा मायाळू दिसत होता.

शेवटी हेंडरशॉट उठला. "चल, उडी दाखव."

कोपऱ्यात उंच खांब होता, त्याच्या टोकाला एकावर एक प्लॅस्टिकच्या पट्ट्या. जागेवरून उडी मारायची आणि हाताच्या फटक्यानं जमतील तेवढ्या पट्ट्या फिरवायच्या. ओरिन वाकला आणि वर गेला. एक सोडून सगळ्या पट्ट्या फिरल्या. खाली आला तेव्हा त्याचं तोंड कसनुसं झालं होतं.

"आता जाऊन ये," हेंडरशॉट म्हणाला.

ओरिन धावतच गेला. परत आला तसं हेंडरशॉटनं काही न बोलता त्याला काट्याकडे बोट दाखवलं. ओरिननं बूट-कपडे उतरवले आणि चढला. दोनशे तीस.

"चार पौंड!" हेंडरशॉटचा चेहरा उजळला. चोर मुद्देमालासकट सापडला होता. "मला शेंडी लावतोस होय रे?"

ओरिननं मान खाली घातली नाही.

"पाणी प्यायलो, सर. सगळेच पितात. प्यायलो नसतो तर तुम्ही आकडा बघूनच गाडीत बसला असता." त्यानं कपडे चढवले, बुटाच्या नाड्या आवळल्या. "पण मघाची उडी ते सगळं पाणी पोटात घेऊन मारलीय. आता रिकामा आहे. परत मारू?"

हेंडरशॉट पिशवी आवरत होता. त्याचा हात थांबला.

ओरिन खांबाखाली गेला. या वेळी तो फारसा वाकलाही नाही. फाटकन आवाज झाला आणि सगळ्यात वरची पट्टी गर्रकन फिरली.

हेंडरशॉटच्या छातीत काहीतरी उसळलं, अगदी पोरवयात मैदानावर उसळायचं तसं. क्षणभर तो नुसता खूश झाला. मग त्याला निवडीची खोली आठवली, टेबलाभोवतीचे साहेब आठवले. सव्वासहा फुटी पोरगा फुकट गेला तर ते नशिबाला दोष देतात. पावणेसहा फुटी गेला तर विचारतात, हा कुणी आणला होता?

"हा खांब कुणी उभा केला?"

"मीच. सकाळी," कोच म्हणाला.

"मला वाटलंच. टेप आण."

कोचनं टेपचं टोक जमिनीशी धरलं, हेंडरशॉट खुर्चीवर चढला. खांब बरोबर होता. त्यानं दुसऱ्या बाजूनं मोजला. तरी बरोबर होता. खाली उतरून त्यानं फरशीवर पाय आपटून पाहिला, कुठं स्प्रिंग बसवलीय का म्हणून. मग तो ओरिनसमोर येऊन उभा राहिला.

"बूट काढ."

ओरिननं बूट काढून दिले. हेंडरशॉटनं बुटाचा तळ वाकवून पाहिला, आतली गादी उपसून टाकली आणि घामानं ओल्या बुटात मनगटापर्यंत हात घातला. बोटांनी टोकापर्यंत चाचपत राहिला.

ओरिन गार फरशीवर अनवाणी उभा राहून त्याच्याकडे बघत होता.

"आत काही नाही, सर," तो म्हणाला. "पाय होता. तो माझ्याकडेच आहे."