रातचा दिवा

“से गाय,” कुंताबाई म्हणाल्या.

“अन् हे?” ताराचंदजींनी हातातली काठी खाटेवर आपटली.

“से खाट. से चूल. से तुमचा फुटका चष्मा. झालं का जी? भात करपून राहिला.”

ताराचंदजी खूश झाले. मोरेश्वर, त्यांचा एकुलता एक मुलगा, शिकायला फ्रान्सला गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून मोकळा झाला होता. आईबापांनी आधी रडून घेतलं, मग रुसून घेतलं. मागच्या वर्षी तो एकटाच येऊन रुसवा काढून गेला. आता ब्याऐंशीच्या दिवाळीला तो बायकोला घेऊन येणार होता. सुनेला मराठीचं अक्षर येत नव्हतं. म्हणून जाताना त्याने बापाला तिच्या भाषेतला एक शब्द शिकवून ठेवला होता, ‘से’. बोट दाखवायचं, से म्हणायचं आणि नाव घ्यायचं, की झालं ‘ही गाय आहे’ नाहीतर ‘हा परसराम आहे’. बाई असो, बाप्या असो, की बंडी, शब्द एकच. पुढची मराठी नावं ऐकून ऐकून तीही शिकेल, असा ताराचंदजींचा हिशेब होता.

त्या हिशेबात एकच खोट होती. कुंताबाई नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नातला उखाणा डफड्याच्या आवाजात बुडाला होता. पुढे हळदीकुंकवाला त्यांनी कितीदा नाव घेतलं असेल, पण ते बायकांत. ताराचंदजींच्या कानावर ते कधी पडलं नाही. नाव सोडा, त्या नावाच्या जवळपासचा शब्दही कुंताबाई तोंडाला लागू देत नसत. तारे म्हणजे त्यांच्या लेखी आभाळातले दिवे आणि चंद्र म्हणजे रातचा दिवा. मतदानाला गेल्यावर साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं, की त्या नुसतं बोट वर करत. साहेब गावातला असला तर हसून ताराचंद लिहून घेई. बाहेरचा असला तर बिचारा छताकडे बघत बसे.

दिवस कोजागिरीचा होता. दिवेलागणीला तलावाच्या पाळीवर चंद्र वर आला, तशी ताराचंदजींनी काठी तिकडे केली. चेहरा अगदी साळसूद.

“हे सांग बरं.”

“से रातचा दिवा,” कुंताबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग ताराचंदजींनी काठी स्वतःच्या छातीला लावली.

“अन् हे?”

“से मोरेश्वरचे बाबा.”

“नाव घे ना वं. परक्या भाषेत घेतलं त पाप लागत नाही.”

“तुमच्या तोंडावर कसं घेऊ बाप्पा? लाज वाटते मले.”

“एकडाव ऐकू दे. सारं गाव घेते माहं नाव, तूच काहून घेत नाही?”

ते थट्टा करत नव्हते, हे कुंताबाईंना कळलं. त्यांचंही मन हललं. पण इतक्या वर्षांची सवय जिभेवर बसून होती.

“सून येऊ द्या,” त्या म्हणाल्या. “तिच्यासमोर घेईन. पक्कं.”

ताराचंदजी त्या दिवसापासून दिवाळीची वाट पोरासारखी पाहू लागले. अंगण सारवताना, धान कापायला माणसं बघताना, मधूनच ते छातीला बोट लावत आणि भुवया उडवत. कुंताबाई मान हलवत. अजून नाही.

सून यायच्या आदल्या सकाळी ताराचंदजींनी सायकल काढली. सकाळी सकाळी पोहे तिच्या घशाखाली उतरतील की नाही, याची त्यांना काळजी लागली होती. लाखनीला जाऊन डबलरोटी आणणार होते. दारातून वळून त्यांनी पुन्हा छातीला बोट लावलं.

“आता त म्हण. उद्या तिच्यासमोर चुकशील.”

कुंताबाईंचे हात चकलीच्या पिठात होते. “उद्या म्हणीन म्हटलं ना! जा तुम्ही.”

दुपारी शेजारचा परसराम धापा टाकत आला. हायवेवर ट्रकने सायकल उडवली होती.

सरकारी दवाखान्यातल्या खोलीत हवालदार कागद घेऊन उभा होता. परसराम पुढे झाला. “मी सांगतो जी नाव.”

“घरचं माणूस आहे ना हजर? मग त्यांनाच सांगू द्या,” हवालदार म्हणाला आणि त्याने चादर बाजूला केली. “बाई, हे कोण आहेत?”

कुंताबाईंचं बोट आपोआप वर गेलं.

हवालदाराचा आवाज मऊ झाला. “ते समजलं, बाई. देवाघरी गेले. पण नाव सांगावं लागते.”

कुंताबाईंनी हात खाली घेतला. सकाळी पीठ होतं हाताला, तोंडाला तर नव्हतं. एक शब्द, त्यापुढे एक नाव. म्हणून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? सुनेची वाट कशाला पाहिली? त्या वाकल्या. नवऱ्याच्या छातीवर बोट टेकलं, कानाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, “से ताराचंद.”

“जोरात सांगा, बाई,” हवालदार म्हणाला. “ऐकू नाही आलं.”

“त्यायलेही नाही आलं,” कुंताबाई म्हणाल्या.